एक की दोन

रफूगराचं काम चांगलं झालं की ते दिसत नसे. त्यामुळे त्याचं नाव कधी झालं नाही, आणि त्याची त्याला खंतही नव्हती. ठिणगी उडून भोक पडलेला कोट, कसरीने खाल्लेला स्वेटर, खिळ्याला अडकून फाटलेली पँट असं काहीबाही त्याच्याकडे येई आणि काही झालंच नव्हतं अशा तोऱ्यात परत जाई. गिऱ्हाईक कापड खिडकीच्या उजेडात धरून भोक शोधत बसे आणि सापडलं नाही की हसे. त्या हसण्यावर हा माणूस चाळीस वर्षं जगला.

तो बसायचा एका लाँड्रीत. काउंटरच्या मागे, इस्त्रीच्या वाफेपासून जरा बाजूला, खिडकीपाशी त्याचं टेबल होतं. त्यावर सुयांची डबी, एक कात्री आणि एक भिंग. कापडाच्याच आतल्या दुमडीतून तो दोरे ओढून काढी. "बाहेरचा दोरा कितीही जुळता असला तरी परका तो परकाच," असं म्हणे. मग एक दोरा वर, एक खाली, असं करत भोकावर नवं कापड विणत जाई. भिंग आपलं नावाला. डोळे पन्नाशीतच अधू झाले होते; खरं काम उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं. केसाएवढे दोन दोरे शेजारीशेजारी असले तरी त्या बोटाला ते वेगळे लागत.

आणखी एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यापायी घडलं. हा माणूस कमालीचा सावकाश होता. गिऱ्हाईक विचारी, "झालं का?" हा मान वर न करता म्हणे, "नाही झालं." गिऱ्हाईक कुरकुरत जाई आणि चार दिवसांनी परत येई. "नाही झालं." पुन्हा चार दिवस. अर्धवट रफू उचलून कोणी नेत नाही. नेऊन करणार काय? तेव्हा 'नाही झालं' म्हटलं की दिवस वाढवून मिळतात, हे त्याच्या हाडीमाशी मुरलं होतं.

बायको गेली त्या दुपारीसुद्धा त्याने तेच केलं. ती सात-आठ महिने आजारी होती. मुलीने घरून लाँड्रीत फोन केला, "बाबा, या. आईचं काही खरं दिसत नाही." हा म्हणाला, "एवढी बाही संपवतो, अर्ध्या तासात निघतो." बाहीला दीड तास लागला. घरी पोचला तेव्हा शेजारची माणसं दारात उभी होती. मुलगी भांडली असती, चार शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "झाली का बाही?" आणि हा म्हणाला, "झाली."

त्यानंतर दोन वर्षं बापलेकीत बोलणं उरलं ते कामापुरतं. मुलगी लाँड्रीसमोरच्याच औषधांच्या दुकानात काम करी आणि दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या खोलीत एकटी राही. रविवारी येई, गोळ्या ठेवी, केर काढी, जाई. काचेपलीकडे ती दिवसभर त्याला दिसायची. तीही कधीतरी मान वर करून पाहत असेल, पण त्या वेळी याची मान खाली असे.

मग एका सकाळी टेबलापाशी बसल्या बसल्या त्याच्या हातून सुई पडली. सुया पडतच असतात, पण ही पडली ते त्याला कळलंच नाही. चिमूट तशीच धरून तो रिकाम्या हाताने टाके घालत राहिला. लाँड्रीवाल्याने ते पाहिलं, आधी हसला आणि मग धावत समोरच्या दुकानात गेला. पक्षाघाताचा झटका होता. नशीब एवढंच की हलका होता. तीन महिन्यांत चालणं-बोलणं सुधारलं, हातही हलू लागला. स्पर्श मात्र परतला नाही. बटण लावताना बटण कुठे आहे ते बघावं लागे. काही धरलं की जाड मोज्यातून धरल्यासारखं वाटे.

मुलीने खटपट करून त्याला एका दवाखान्यात नेलं. तिथल्या बाईंनी त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि बोटाच्या टोकाला बोथट टाचण्या टेकवल्या. कधी एक, कधी दोन, जरा अंतर ठेवून.

"एक की दोन?"

"एक."

बाईंनी टाचण्या लांब लांब नेल्या. "आता?"

"एकच."

ज्या बोटाला दोन दोरे वेगळे लागत त्याला आता गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावरच्या दोन टाचण्याही एकच वाटत होत्या. पट्टी सोडल्यावर त्याने ते अंतर पाहिलं आणि मान फिरवली. त्या दिवसापासून तो बाईंना टाचणीवाली म्हणू लागला, अर्थात त्यांच्या माघारी.

"काका, तुमचं बोट ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "बिघाड वर आहे. मेंदूत प्रत्येक बोटाची आपापली जागा असते. तुमच्या या बोटाची जागा झटक्याने विरली आहे. पण मेंदू काही दगड नव्हे, म्हातारपणीही तो आपली मांडणी बदलत असतो. बोटाच्या टोकाला सगळीकडे एकाच वेळी, पुन्हा पुन्हा हलके ठोके दिले की तिथल्या पेशी एकदम जाग्या होतात, एकमेकींशी धागे जुळवतात. शेजारच्याही मदतीला येतात. मग स्पर्श बारीक व्हायला लागतो."

"म्हणजे त्याच कापडातले दोरे काढून भोक भरायचं."

"तसंच समजा."

"मग मी काय करायचं?"

"काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?"

"हा ठोके देणारा हातमोजा घालून रोज तीन तास बसायचं. लक्षसुद्धा द्यायला नको. गप्पा मारा, रेडिओ ऐका, डुलकी काढा. काम ठोके करतील."

हे त्याला मुळीच पटलं नाही. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, असला प्रकार त्याने जन्मात केला नव्हता. बाई पुढे म्हणाल्या, की सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, आणि आला तरी हात वापरता राहिला तरच तो टिकतो. सहा आठवड्यांनी तपासू आणि मग पुढचं ठरवू. दवाखान्यात असे हातमोजे दोनच होते. बोट लाल झालं तर यंत्र बंद करायला कुणीतरी शेजारी बसायला हवं, अशीही अट होती.

"मी बसेन," मुलगी म्हणाली. आवाजात माया नव्हती, पण ती म्हणाली.

रोज संध्याकाळी साडेसहाला ती दुकानातून परस्पर येई. त्याची बोटं एकेक करून मोज्यात घाली, पट्टा आवळी, मोज्याला जोडलेल्या डबीवरचं बटण दाबी. डबीवर दिवा लागे आणि मोज्याच्या आत टकटक सुरू होई. मग ती समोरच्या खुर्चीत बसून फोनमध्ये डोकं घाली आणि हा आपला भिंतीकडे बघत बसे. दहा दिवस घरात टकटकीशिवाय दुसरा आवाज झाला नाही.

अकराव्या दिवशी तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "हे बोट चाळीस वर्षं राबलं. आता बघ, साहेब होऊन बसलंय. लोक येऊन दार ठोठावतात, हा उठतसुद्धा नाही."

मुलीला हसू आलं. तिने ते दाबलं, पण पुरतं दाबता आलं नाही.

तेवढ्या फटीतून बोलणं आत आलं. आधी लाँड्रीवाल्याबद्दल, मग तिच्या दुकानात येणाऱ्या तऱ्हेवाईक गिऱ्हाइकांबद्दल. तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा आईचा विषय निघाला. दवाखान्याचे कागद आई चपलांच्या कपाटात लपवून ठेवायची; का, तर तिथे कोणी आवरायला जात नाही म्हणून. गाणं म्हणताना शब्द विसरली की मधेच भाजीवाल्यावरचा राग घालून चाल पुरी करायची. "आणि तुमच्याबद्दल काय म्हणायची ठाऊक आहे?" मुलगी म्हणाली. "घराला आग लागली तरी यांना बाहेर काढायचं तर आधी सुईतला दोरा संपू द्यावा लागेल."

दोघं हसली, आणि हसता हसता थांबली. दोघांनाही एकदमच काय आठवलं ते सांगायला नको.

या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा हातात काम नसताना कुणासमोर बसावं लागलं होतं, आणि बसल्यावर कळलं की समोर आपली मुलगी आहे. तिला वाचताना नखं कुरतडायची सवय आहे, हे त्याला साठी उलटल्यावर समजलं. दुपारी चारपासून तो घड्याळाकडे बघायला लागे. टाचणीवालीच्या यंत्रावर त्याचा विश्वास बसला नव्हता, पण साडेसहावर बसला होता.

आणि गंमत अशी, की लक्ष न देताच गुण आला. चौथ्या आठवड्यात सदऱ्याचं बटण लावताना त्याला त्याची चार भोकं लागली. वेगवेगळी, चारही. तो तसाच उभा राहिला, डोळे मिटून बोट फिरवत. दोन-तीन दिवसांनी उशीच्या अभ्र्याची वीण लागली, आधी अस्पष्ट, मग उभे दोरे निराळे, आडवे निराळे. त्याला रडू आलं. संध्याकाळी मुलीला दाखवायचं ठरवून तो बसला. ती आली, हातपाय धुऊन समोर बसली आणि म्हणाली, "काल कुठवर आलो होतो आपण?" त्याने उशी मागे सरकवली. 'झालं' म्हटलं की गिऱ्हाईक उठून जातं, हे त्याला चाळीस वर्षं माहीत होतं.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मुलीने फोन उलटा करून ठेवला. मग एकदम म्हणाली, "त्या दुपारी मी तुम्हाला फोन केला ना, त्यानंतर आई जागी झाली होती."

"काही बोलली?"

"बोलली."

एवढ्यात डबीवरचा दिवा विझला. तीन तास झाले होते. मुलीने पट्टा सोडला आणि बोटं एकेक करून बाहेर काढली. तिच्या कुरतडलेल्या नखांच्या कडा त्याच्या बोटांना लागत होत्या, स्पष्ट. "सकाळी लवकर जायचंय," ती म्हणाली. "सांगेन पुढे कधीतरी."

सकाळी पट्टी बांधून तो दवाखान्यात बसला. मुलगी शेजारी होती. बाईंनी टाचण्या टेकवल्या.

"एक की दोन?"

दोन होत्या. लख्ख दोन. मधलं कातडंसुद्धा त्याला जाणवत होतं.

"एक," तो म्हणाला.

बाईंनी अंतर वाढवलं. "आता?"

"एक."

तो शांत होता. गिऱ्हाईक चार दिवसांनी परत येणार होतं. आणखी सहा आठवडे, आणखी बेचाळीस संध्याकाळी, आणि त्यातल्या एका संध्याकाळी ते उरलेलं. वीस वेळा विचारलं आणि वीस वेळा त्याने 'एक' म्हटलं. ज्याने कापडावर कधी चुकीचा टाका घातला नाही, तो माणूस आपल्याच बोटाशी खोटं बोलत होता आणि मनात म्हणत होता, थोडेच दिवस.

पट्टी सोडून बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. "वाईट वाटून घेऊ नका, काका. काहींना गुण येत नाही. तुमचा प्रयत्न चांगला झाला." मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "हातमोजा आजच जमा करा. यादीत बरीच माणसं थांबली आहेत."

त्याला आधी कळलंच नाही. झालं नाही म्हणून काढून घेतात? असं कुठे असतं? तोंड उघडून सांगायला हवं होतं, अहो, खोटं बोललो, पुन्हा टेकवा टाचण्या. पण शेजारी मुलगी उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. बाहेर आल्यावर तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, दोन वर्षांत पहिल्यांदाच. "तुमचा काही दोष नाही, बाबा." त्या शब्दांनी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साडेसहा वाजत राहिले. मुलगी पुन्हा रविवारची झाली. आता वागायची मायेने, पण दारात चप्पल काढतानाच घाईत असे, आणि आईचा विषय निघत नसे. हाही तो काढत नसे. लाँड्रीत जाऊन बसला असता तर बोट चाललं असतं. पण समोरच काचेत मुलगी. चार दिवस त्याने घरात चोरून एका रुमालावर रफू केलं. सुंदर झालं. पाचव्या दिवशी ती अवेळी आली. त्याने रुमाल गादीखाली कोंबला, आणि ती जाईपर्यंत गादीवरून उठला नाही. त्यानंतर सुईला हात लावला नाही. हात मांडीवर पडून राहिला.

ठोक्यांनी दिलेलं बसून राहण्याने गेलं. ते एका दिवसात जातं तर निदान कळलं तरी असतं. आधी अभ्र्याचे आडवे दोरे गेले, मग उभे. मग एका सकाळी बटणाची चार भोकं दोन झाली, आणि पुढे बटणच सपाट झालं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, असं तो स्वतःला म्हणायचा आणि म्हणून झालं की ओठ चावायचा.

पाचव्या महिन्यात एका रविवारी मुलगी म्हणाली, "लाँड्रीवाले विचारत होते. तुमचं टेबल दुसऱ्याला दिलं तर चालेल का? मी हो म्हटलंय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"त्या दिवशी दोन होत्या," तो म्हणाला.

"काय दोन?"

"टाचण्या. मला दोन लागत होत्या. प्रत्येक वेळी. मी मुद्दाम एक म्हटलं."

मुलीच्या हातात झाडू होता. तिने तो भिंतीला टेकवून ठेवला. "का?"

"मला वाटलं, झालं नाही म्हटलं की दिवस वाढतील. तू येत राहशील. तू सांगणार होतीस ना, आई काय बोलली ते."

ती जी भडकली ती भडकलीच. "तेवढ्यासाठी हात घालवलात? अहो, रोज आठ तास उभी राहून तुमच्याकडे यायचे मी! त्या बाईंनी गुण नाही म्हणून लिहून ठेवलंय, आता परत उभं करतील तुम्हाला दारात? विचारायचं होतं, बाबा. नुसतं विचारायचं होतं!"

"तू उठून गेली असतीस."

"गेले असते. आणि दुसऱ्या दिवशी परत आले असते."

ती दाराकडे गेली, कडीला हात लावला. थांब म्हणायचा त्याला हक्क वाटत नव्हता. ती तशीच पाठ करून उभी राहिली. मग परत येऊन जुन्याच खुर्चीत बसली, त्याच्यासमोर.

"आईने डोळे उघडलेच नाहीत," ती म्हणाली. "नुसता हात पुढे केला. मी धरला. तिने विचारलं, 'आलात?' मी काही बोलले नाही, हात घट्ट धरला फक्त. म्हटलं, एवढं तरी तिला मिळू दे. तिने माझ्या बोटांवरून अंगठा फिरवला. मधल्या बोटाला तुमचा तो सुईचा घट्टा शोधत होती. आणि मग म्हणाली, 'हा हात त्यांचा नाही.'"

खिडकीबाहेर कोणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. रफूगराला पुढचं विचारायचं नव्हतं, पण त्याने विचारलं. "मग?"

"मग काही नाही. हात सोडला नाही तिने. शेवटपर्यंत माझाच धरून होती."

तो मान खाली घालून रडू लागला, आवाज न करता, सावकाश. रडता रडता त्याची नजर मांडीवर गेली. मुलीने त्याच्या उजव्या हाताच्या बोटांत आपली बोटं अडकवली होती. कधीपासून, कोण जाणे. त्याला ते पाहिल्यावर कळलं.